पेल्यातली निळाई

गेल्या दिवाळीत सांगलीला मामेभावाकडे राहायला गेले होते. स्वयंपाकघरात चकलीच्या भाजणीचा वास अजून रेंगाळत होता आणि वहिनी चहाचे आधण ठेवत होती. दादाने फडताळातून गडद तपकिरी काचेची एक लहानशी बाटली काढली आणि तिच्या झाकणाला जोडलेल्या ड्रॉपरने पेलाभर पाण्यात मोजून थेंब सोडले. पहिला थेंब पडला तशी एक निळी रेघ तळाकडे उतरत गेली, तिला फाटे फुटले, फाट्यांची वलये झाली आणि चमचा फिरताच सगळे पाणी गर्द निळे झाले. दात रंगू नयेत म्हणून तो ते पाणी नळीने प्यायला. रंग मी पाहताक्षणीच ओळखला होता, तरी विचारले. "मिथिलीन ब्लू," तो म्हणाला, "मेंदूच्या पेशींना ताकद येते म्हणे. पावसाळ्यापासून घेतोय." तेवढ्यात वहिनीने त्याच्यासमोर गोळ्यांचा डबा सरकवला. त्यात एक गोळी रक्तदाबाची होती आणि दुसरी, मामी गेल्यावर त्याला नैराश्याने गाठले तेव्हापासून चालू असलेली, एस्सिटालोप्रामची. ही गोळी आणि हा निळा रंग एकत्र पोटात जाता कामा नयेत, हे मी त्याला तिथल्या तिथे सांगितले आणि तुझ्या डॉक्टरांना हे ठाऊक आहे का, असेही विचारले. त्याने सहज उत्तर दिले, "त्यांना कशाला सांगायचं? हे औषध थोडंच आहे!"

ते वाक्य पुढे कितीतरी दिवस माझ्या मनातून जाईना.

माझी सारी नोकरी याच रंगाच्या सोबतीने झाली. मी सरकारी रुग्णालयांतल्या प्रयोगशाळांत तंत्रज्ञ होते आणि क्षयरोगाच्या थुंकीची तपासणी हे आमचे रोजचे काम होते. बेडक्याचा पातळ थर दिलेली स्लाइड वाळली की तिच्यावर लाल कार्बोल फुक्सिन ओतायचे, खालून ज्योत फिरवून वाफ येईपर्यंत तापवायचे, पाच मिनिटे थांबून धुवायचे, २५ टक्के सल्फ्युरिक आम्लाने तो लाल रंग उतरवायचा आणि सर्वांत शेवटी ०.१ टक्का मिथिलीन ब्लू अर्धा मिनिट ठेवायचे. क्षयाचा जंतू मेणचट कवचामुळे आपला लाल रंग सोडत नाही; बाकी सगळे, म्हणजे पांढऱ्या पेशी, चिकट स्राव, इतर जंतू, हे निळे होते. मग तेलाचा थेंब टाकून शंभरपटीची भिंग लावायची आणि एकेक क्षेत्र सरकवत जायचे. फिकट निळ्या पसाऱ्यात कुठेतरी दोन लालबुंद, किंचित वाकलेल्या काड्या दिसल्या की बाहेरच्या बाकावर तोंडाला रुमाल लावून बसलेल्या माणसाचे पुढचे सहा महिने ठरून जायचे. निळा रंग स्वतः काही शोधत नव्हता, पण त्याच्याशिवाय लाल दिसला नसता. नखांच्या कडा आणि बोटांची पेरे कायम निळी असायची. साबणाने जायची नाहीत, आणि घरी देवापुढे फुले वाहताना ती निळी बोटे पाहून सासूबाई आधी दचकायच्या, पुढे त्यांनाही त्याची सवय झाली. त्यामुळे या रंगाविषयी मी लिहिते तेव्हा माझ्या मनात त्याच्याविषयी वैर नसते, हे आधीच सांगून ठेवते. उलट मला त्याची फार माया आहे.

याच रंगाची दुसरी ओळख दूध संकलन केंद्रात होते. परीक्षानळीत दहा मिलिलिटर दूध घेऊन त्यात एक मिलिलिटर मिथिलीन ब्लूचे द्रावण मिसळतात आणि नळी ३७ अंशांच्या पाण्यात उभी करतात. चांगल्या कच्च्या दुधात निळी छटा पाच तासांहून अधिक टिकते. अर्ध्या तासात दूध पुन्हा पांढरे झाले तर ते जंतूंनी भरलेले आहे असे समजावे. रंग कुठे जातो? कुठेच जात नाही. जंतू दुधातला प्राणवायू संपवतात आणि रंगाच्या रेणूला इलेक्ट्रॉन देतात, त्यामुळे तो बेरंग होतो; नळी हलवली, हवा मिसळली, की वरचा थर पुन्हा निळसर दिसू लागतो. इलेक्ट्रॉन घ्यायचा आणि दुसऱ्याला देऊन टाकायचा, हा या रेणूचा मूळ स्वभाव आहे. त्याच्याविषयी आज जे जे खरे सांगितले जाते आणि जे जे वाढवून सांगितले जाते, ते सगळे या एका स्वभावातून निघते, म्हणून हे दूध मी इथे मुद्दाम आणले.

दादाचे "औषध थोडंच आहे" हे वाक्य मला का टोचले, ते इतिहास आठवला की कळते. १८७६ साली जर्मनीत हाइनरिश कारो यांनी बीएएसएफ या कारखान्यात हा रंग बनवला तो कापड रंगवण्यासाठी. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू जगाला दाखवला तेव्हा तो दिसण्यामागे हाच रंग होता. त्यानंतर पाउल एर्लिख यांनी पाहिले की जिवंत प्राण्याच्या शरीरात सोडलेला हा रंग सगळीकडे सारखा पसरत नाही. तो मज्जातंतू निवडतो, हिवतापाचे परजीवी निवडतो. रंग जर निवडून चिकटत असेल, तर तो निवडून मारूही शकेल, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि १८९१ मध्ये त्यांनी व पाउल गुटमान यांनी बर्लिनमध्ये हिवतापाच्या दोन रुग्णांना मिथिलीन ब्लू दिले. दोघेही सुधारले. प्रयोगशाळेत माणसाने घडवलेला पदार्थ रोगाच्या जंतूवर औषध म्हणून वापरण्याचा इतिहास अनेक अभ्यासक इथूनच सुरू करतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर लढणाऱ्या सैनिकांनाही हिवतापासाठी हे दिले गेले, आणि लघवी निळी होते म्हणून त्यांना ते मुळीच आवडत नसे. याच्या रेणूचा जो गाभा आहे, फिनोथायाझिनचा, त्यावरूनच पुढे १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचे औषध आले आणि मनोरुग्णालयांचे रूप पालटले. म्हणजे पेल्यातला तो रंग औषध नाही असे म्हणावे, तर आधुनिक औषधांच्या घराण्यातला थोरला तोच निघतो.

पण दादाने तो उगीच हाती घेतलेला नाही, हेही मला ठाऊक आहे. मामीला शेवटची काही वर्षे स्मृतिभ्रंश होता. आधी गॅसवर दूध विसरायची, मग घरचा पत्ता, मग नातवाचे नाव, आणि शेवटी दादालाच "तुम्ही कुणाकडे आलात?" असे विचारायची. त्या घरात मी ते पाहिले आहे. दादा आता पासष्टीच्या पुढे आहे. चष्मा कुठे ठेवला हे आठवले नाही तर त्याच्या चेहऱ्यावर जे येते ते साध्या विसराळूपणाचे नसते. अशा माणसाला रात्री झोप येत नाही, तो मोबाईलवर शोधत बसतो, आणि कुणीतरी आत्मविश्वासाने बोलणारा माणूस त्याला सांगतो की पेशींमधली ऊर्जेची केंद्रे थकली आहेत, हा रंग त्यांना जागे करील. या बोलण्यात विज्ञान मुळीच नाही असे नाही, आणि म्हणूनच ते मनात शिरते. आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रियामध्ये इलेक्ट्रॉन एका घटकाकडून दुसऱ्याकडे जात ऊर्जा तयार होते. मिथिलीन ब्लू तो इलेक्ट्रॉन मधल्या टप्प्यांना वळसा घालून पुढे पोहोचवू शकते. दुधाच्या नळीतला तोच स्वभाव इथेही. २०१६ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या संशोधकांनी २६ निरोगी माणसांवर एक लहान प्रयोग केला, एकदाच २८० मिलिग्रॅम रंग तोंडावाटे दिला, आणि स्मरणाच्या चाचणीत अचूक उत्तरे सुमारे सात टक्क्यांनी वाढल्याचे नोंदवले. बाटल्या विकणारे हाच प्रयोग पुढे करतात. तो २६ जणांवरचा आणि एका दिवसाचा होता, हे मात्र ते सांगत नाहीत, आणि दादाच्या पेल्यातल्या मात्रेचा त्या मात्रेशी काही मेळ बसत नाही, हेही नाही.

मोठी परीक्षा झाली ती अल्झायमरच्या रुग्णांवर. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठातले क्लॉड विशिक यांनी या रंगाचेच एक रूप घेऊन मेंदूत साचणाऱ्या टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी विरघळवण्याचा ध्यास घेतला होता. २००८ मध्ये त्याविषयी आशेच्या बातम्या आल्या. मी त्या वेळी वर्तमानपत्रातले कात्रण कापून मामाकडे पाठवले होते. त्यानंतरच्या मोठ्या चाचणीत ८९१ रुग्ण होते. तिच्या रचनेतली एक गोष्ट मला प्रयोगशाळेची माणूस म्हणून विशेष वाटते. औषध घेणाऱ्याची लघवी निळी-हिरवी होते, मग कुणाला खरे औषध मिळाले आणि कुणाला नुसती गोळी, हे लपवायचे कसे? त्यांनी तुलनेच्या गटालाही त्याच रंगाची अगदी थोडी मात्रा दिली, दिवसातून दोनदा चार मिलिग्रॅम, म्हणजे रंग सगळ्यांनाच दिसावा. २०१६ मध्ये निकाल आला: जास्त मात्रा घेणाऱ्या गटांत आणि या गटात मुख्य निकषांवर फरक दिसला नाही. अल्झायमरची इतर औषधे न घेणाऱ्या थोड्या रुग्णांविषयी पुढे वाद झाले, ते आजही चालू आहेत. पण मामीसारख्या माणसाच्या मुलाला खात्रीने हाती देता येईल असे त्यातून काही निघाले नाही. हे वाचताना मला विजयाचा आनंद मुळीच झाला नाही. ती चाचणी यशस्वी व्हावी असे मला मनापासून वाटत होते.

आपल्याकडे हा रंग घराघरांत पोहोचला तो २०२१ च्या त्या भयंकर उन्हाळ्यात. गुजरातेत भावनगरमधून सुरुवात झाली आणि जिभेखाली धरायच्या निळ्या द्रावणाचे संदेश मराठी गटांवरही फिरू लागले. प्राणवायूच्या सिलिंडरसाठी रांगा लागल्या होत्या, रेमडेसिविरच्या कुपीसाठी लोक दागिने मोडत होते, आणि त्या वेळी काही रुपयांची निळी बाटली कुणी पुढे केली तर तिला नको म्हणायला फार मोठे काळीज लागत होते. त्या दिवसांत ज्यांनी ती घेतली त्यांना मी दोष देत नाही. पण साथ ओसरली आणि बाटली घरात राहिली. ती घबराटीतून निघून रोजच्या सवयीत आली, इतर जीवनसत्त्वांच्या डब्यांशेजारी बसली. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे आरोग्यमंत्री होऊ घातलेले रॉबर्ट एफ. केनेडी ज्युनिअर विमानात पेल्यामध्ये निळे थेंब टाकताना एका चित्रफितीत दिसले, ते मिथिलीन ब्लूच असावे असा जगभर बोलबाला झाला, आणि मागणीला नवे बळ आले. दादाने ती चित्रफीत मला स्वतः दाखवली.

आता त्या गोळीविषयी. सेरोटोनिन म्हणजे मेंदूच्या पेशींमध्ये निरोप पोहोचवणारे एक रसायन; ते मोडून टाकणारे एक विकर (एन्झाइम) आपल्या शरीरात असते, मोनोअमाइन ऑक्सिडेझ ए. मिथिलीन ब्लू त्या विकराला जोरदार अडवते. एस्सिटालोप्रामसारखी गोळी दुसऱ्या बाजूने सेरोटोनिन वाढवत असतेच. दोन्ही एकत्र आले की सेरोटोनिन साचते: माणूस गोंधळतो, घामाने थबथबतो, हातपाय ताठ होतात, थरथरतात, ताप चढतो, आणि प्रसंगी जीव जातो. हे लक्षात आले ते गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या शस्त्रक्रियांमुळे. त्या इवल्याशा ग्रंथी नीट दिसाव्यात म्हणून शिरेतून हा रंग देत असत, आणि काही रुग्ण भूल उतरल्यावर शुद्धीवर नीट येतच नसत. नंतर उलगडा झाला की त्यातले बहुतेक नैराश्याची औषधे घेणारे होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला. नोंदलेल्या घटना बहुतांश शिरेवाटे दिलेल्या मात्रेच्या आहेत, आणि तोंडावाटे किंवा कमी मात्रेत घेतल्यास धोका किती, हे ठरलेले नाही, असे त्या इशाऱ्यातही म्हटले होते. ते न ठरलेले दादाने स्वतःच्या शरीरावर का ठरवावे?

दुसरा धोका रक्तातला आहे आणि तो आपल्या भागात अधिक जवळचा आहे. जी-६-पीडी नावाचे एक विकर लाल पेशींचे रक्षण करते. काही जणांत ते जन्मतःच कमी असते. पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत हे प्रमाण तुलनेने जास्त आढळते, आणि दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुख्यतः पुरुषांना होतो. अशा माणसाने मिथिलीन ब्लू घेतले तर त्याच्या लाल पेशी फुटू लागतात. आपल्यात हा दोष आहे हे बहुतेकांना ठाऊकच नसते, कारण त्याची तपासणी करायची वेळच कधी आलेली नसते. शिवाय बाटलीत नेमके काय आहे हा प्रश्न उरतोच. माशांच्या टाकीत बुरशी लागू नये म्हणून मिळणारे द्रावण, स्लाइड रंगवायची भुकटी आणि शिरेतून देण्याजोगे निर्जंतुक इंजेक्शन, या तिन्हींवर नाव एकच असते. आमच्या भुकटीच्या डब्यावर रंगद्रव्याचे किमान प्रमाण छापलेले असे; उरलेल्या भागात काय आहे याची पर्वा स्लाइडला नव्हती. माणसाच्या मूत्रपिंडाला ती असते, कारण शुद्ध न केलेल्या रंगात जड धातूंचे अंश राहू शकतात.

हे सगळे मी दादाला पुढच्या काही दिवसांत फोनवर सांगितले, रागावून नव्हे, त्याच्या भीतीला धरूनच. त्याला सर्वांत पटले ते वेगळेच. मी म्हटले, "तुझ्या नैराश्याची गोळी तुला लागू पडली आहे, तू पुन्हा माणसांत आलास; ती गोळी धोक्यात घालून तू काय मिळवतोयस?" त्यानंतर तो बाटली घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे गेला. त्यांनी थेंब बंद करायला सांगितले, जी गोळी चालू आहे ती तशीच चालू ठेवली, आणि स्मरणाची नीट तपासणी करून घेऊ म्हणाले. ती तपासणी करायला तो इतकी वर्षे घाबरत होता.

या साऱ्यात मला सर्वांत जास्त लागते ते मात्र वेगळेच आहे. कापसाच्या पट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी असताना एका तरुण शेतकऱ्याला रात्री आणले होते. घरच्या भांडणात त्याने फुलधारणा वाढवायला फवारतात ते नायट्रोबेंझिनचे औषध प्यायले होते. ओठ, नखे, कान, सगळे राखाडी-निळे झाले होते. प्राणवायू पूर्ण जोरात लावला तरी बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा ८५ च्या आसपास अडून बसला होता. मी रक्त काढले तेव्हा सिरिंजमध्ये आले ते लाल नव्हते, चॉकलेटी होते. गाळणीच्या कागदावर थेंब टाकून हवेत धरला. शिरेतले साधे काळसर रक्त असे धरले की लाल होते, ते झाले नाही. नायट्रोबेंझिनने हिमोग्लोबिनमधल्या लोहाचा इलेक्ट्रॉन काढून घेतला होता, आणि तसे लोह प्राणवायू वाहून नेत नाही. त्याला हवे होते ते एक टक्का मिथिलीन ब्लूचे निर्जंतुक इंजेक्शन, वजनाच्या दर किलोला एक ते दोन मिलिग्रॅम, शिरेतून सावकाश पाच मिनिटांत. शरीरात गेलेला रंग आधी स्वतः इलेक्ट्रॉन घेतो, बेरंग होतो आणि मग तो इलेक्ट्रॉन लोहाला परत देतो. हाच रंग किलोला सात मिलिग्रॅमच्या वर गेला तर उलट लोहाचाच इलेक्ट्रॉन हिरावतो आणि ज्या विकारावर द्यायचा तोच विकार घडवतो. आमच्या कपाटात स्लाइडचा रंग बाटलीभर होता, इंजेक्शनची एकही कुपी नव्हती. डॉक्टरांनी शिरेतून क जीवनसत्त्व चालू केले, आणि कुपी शहरातून मोटारसायकलवर येईपर्यंत आम्ही त्या मुलाच्या ओठांकडे पाहत राहिलो. ती मिळाल्यावर यंत्रावरचा आकडा आधी आणखी खाली गेला, कारण रंगच त्या यंत्राचा प्रकाश शोषतो. डॉक्टरांना ते ठाऊक होते, त्याच्या आईला नव्हते, आणि तिने किंकाळी फोडली. तासाभरात त्याची नखे गुलाबी झाली. तो वाचला.

आज दादाची बाटली सांगलीत दोन दिवसांत घरपोच येते. नायट्रोबेंझिनही कृषी सेवा केंद्रात सहज मिळते. ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता कुपी असेलच, असे मला कुणी खात्रीने सांगितलेले नाही. म्हणून आम्ही काही निवृत्त तंत्रज्ञ आणि परिचारिकांनी मिळून आरोग्य खात्याला द्यायचा एक अर्ज तयार केला आहे. फवारणीच्या हंगामाआधी कापूस आणि मिरचीच्या पट्ट्यातल्या प्रत्येक रुग्णालयात इंजेक्शनच्या कुप्या असाव्यात, त्यांची मुदत संपण्याआधी त्या बदलल्या जाव्यात, जी-६-पीडीची तपासणी निदान जिल्ह्याच्या ठिकाणी चोवीस तास व्हावी, आणि चॉकलेटी रक्त कसे ओळखायचे हे रात्रपाळीच्या प्रत्येकाला दाखवून ठेवावे, एवढे चार मुद्दे त्यात आहेत. अर्जाची टंकलिखित प्रत दादानेच करून दिली, आणि पाचवा मुद्दा त्याने स्वतः सुचवला: बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढताना "आणखी काय घेता, ऑनलाइन मागवलेले थेंबसुद्धा सांगा," असे विचारण्यासाठी एक रकाना असावा.